मुलं पुढे गेली, जीवशास्त्र मागेच राहिलं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसलो तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही गणित शिकवता. १४ ते १६ वयाची ११ मुलं तुमच्याकडे आहेत, आठवड्याला दोन तास मिळतात. जीवशास्त्र तुमचा विषय नाही, म्हणून तुम्ही ठरवलंत की प्रत्येकाने आपापल्या गतीने पुस्तक वाचावं, व्हिडिओ बघावेत, प्रकरणाखालचे प्रश्न सोडवावेत आणि पुढे जावं. दोन महिन्यांनी तिघं पाचव्या प्रकरणावर आहेत, चौघं पहिल्यावरच घुटमळताहेत, उरलेली मधे कुठेतरी. आणि पाचव्यावर पोहोचलेल्यांना पहिल्या प्रकरणातलं काही विचारलं की ती एकमेकांकडे बघतात. तुम्ही विचारलंय, पुस्तक बदलू की ही पद्धतच सोडून देऊ?

दोन्ही करू नका. पुस्तक वाईट नसावं. चांगल्या पुस्तकानेही बहुधा हेच झालं असतं. मुलं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत ही तर अडचणच नाही, त्यासाठीच हा खटाटोप. अडचण आहे ती तिघं पाचव्या प्रकरणावर पोहोचली कशी, ही. त्यांना पुढे कोणी सोडलं? त्यांनीच स्वतःला सोडलं. गती मुलांच्या हाती द्यायची म्हणजे ‘झालं’ हे ठरवायचा अधिकारही त्यांनाच द्यायचा, असा आपला समज होतो. माझाही होता.

मी वीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवतोय. त्यातली शेवटची नऊ अशा आपापल्या गतीच्या वर्गांत. पहिलं वर्ष साफ फसलं. सुट्टीभर खपून मी ३० कृतिपत्रिका तयार केल्या होत्या. प्रत्येकीत थोडं वाचन, एक आकृती, दहा प्रश्न. मुलं मान खाली घालून काम करत. वर्गात इतकी शांतता की मला वाटलं, जमलं. एक मुलगा तर सहामाहीतच सगळ्या पत्रिका संपवून मोकळा झाला. त्याला खिडकीबाहेरचं झाड दाखवून मी सहज विचारलं, “एवढं जाड खोड झालं कशातून?” तो म्हणाला, “मातीतून.” प्रकाशसंश्लेषणाच्या पत्रिकेत त्याला दहापैकी दहा होते, समीकरण त्याने नीट तोलून लिहिलं होतं, कार्बन डायऑक्साइडसकट. मी म्हटलं, “मग झाडाखाली खड्डा का नाही पडला?” तो हसला, आणि मग हसायचा थांबला. त्याच्या डोक्यात दोन झाडं होती: एक पत्रिकेतलं, ते हवेवर वाढायचं, दुसरं खिडकीबाहेरचं, ते माती खायचं. दोघांची कधी गाठच पडली नव्हती.

तुमच्या विषयात न समजलेलं मूल तिथल्या तिथे अडतं. उत्तर चुकतं, ते तुम्हालाही दिसतं आणि त्यालाही. जीवशास्त्रात शब्द आला की मूल पुढे सरकतं. ‘तंतुकणिका हे पेशीचं ऊर्जाकेंद्र आहे’ हे वाक्य पाठ असलेला आणि त्याचा अर्थ कळलेला, दोघं कागदावर अगदी सारखे दिसतात. प्रकरणाखालचे प्रश्नही बहुतेक वेळा तेच वाक्य परत मागतात. म्हणून या विषयात पुढच्या घटकात जायचा उंबरठा असा हवा, की तो नुसत्या शब्दांच्या जोरावर ओलांडता येऊ नये. गती सोडा, उंबरठा तुमच्याकडे ठेवा. माझं उत्तर खरं तर इथेच संपतं; पुढचं सगळं तो उंबरठा कसा बांधायचा याबद्दल आहे.

ही काही माझी अक्कल नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात सॅम्युअल पोस्टलथ्वेट नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. पाया कच्चा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी १९६१ मध्ये व्याख्यानं टेपवर भरून ठेवायला सुरुवात केली. हळूहळू टेपसोबत रोपं, स्लाइड, मायक्रोस्कोप असं सगळं एका बाकावर मांडलं जाऊ लागलं. विद्यार्थी सवडीने यायचा, टेप थांबवायचा, मागे न्यायचा, समोरची वस्तू बघायचा. लोक टेपचंच कौतुक करतात. मला मोलाचा वाटतो तो आठवड्याचा तोंडी तास. छोटा गट शिक्षकाभोवती बसायचा, त्या आठवड्यात हाताळलेली एकेक वस्तू एकेकाच्या हाती दिली जायची, आणि ही काय आहे, आपण जे शिकलो त्यात हिचं काम काय, हे त्याने बोलून सांगायचं. मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या पद्धतीतही असाच उंबरठा आहे: विषयाचे छोटे घटक, गती विद्यार्थ्याची, पण घटक पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही. चुकलं तर शिक्षा नाही, पुन्हा या. तपासायला आधी तो घटक पार केलेले विद्यार्थीच बसत. या पद्धतीची एक खोडही लवकरच दिसून आली, ती म्हणजे चालढकल. तिच्याकडे पुढे येतो.

आता जे तुमच्या परिस्थितीवर ठरेल ते. तुमच्याकडे ११ मुलं आहेत म्हणून मी तोंडी बोलण्यावर एवढा भर देतोय. तीस असती तर केलर यांच्यासारखे मदतनीस मुलांतूनच तयार करावे लागले असते. वर्षाअखेर ठरावीक अभ्यासक्रमावर परीक्षा असेल तर ‘थोडं पण खोल’ हा माझा हट्ट तुम्हाला जसाच्या तसा परवडणार नाही. मग चार घटक खोल करा आणि बाकीचे वाचून घ्या. पहिल्या प्रकरणावर अडकलेली चौघं जीवशास्त्रात अडकलीत की वाक्यांत, हेही बघावं लागेल. एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा, पुस्तक मिटायला लावा आणि काय वाचलं ते विचारा. वाचनच कच्चं असेल तर त्यांना दोघादोघांत वाचू द्या, एक वाचेल, दुसरा सांगेल. मायक्रोस्कोप आहे की नाही यानेही फरक पडतो, पण लोकांना वाटतो तेवढा नाही.

पुस्तकाच्या क्रमाला फार मान देऊ नका. अमेरिकेत १९५८ मध्ये सुरू झालेल्या बीएससीएस या अभ्यासक्रम प्रकल्पाने शाळांसाठी जीवशास्त्राची तीन वेगवेगळी पुस्तकं काढली, निळं, पिवळं आणि हिरवं. निळं रेणूंच्या अंगाने जाणारं, पिवळं पेशीच्या, हिरवं परिसंस्थेच्या. बराचसा मजकूर तिन्हींत सामायिक. त्या विषयातल्या जाणत्यांनाही एकच एक खरा क्रम सापडला नव्हता, तर आपण कशाला शोधत बसायचं? मी एवढंच पाहतो की पहिला घटक व्याख्यांचा नसावा. ‘सजीवांची लक्षणे’ या प्रकरणाने सुरुवात केली की मुलाला पहिल्याच दिवशी कळतं, हा यादी पाठ करायचा विषय आहे. ते डोक्यातून काढायला मग वर्ष जातं.

माझा पहिला घटक झाडाच्या वजनाचा. यान बाप्टिस्टा फान हेलमाँट या सतराव्या शतकातल्या माणसाने एका कुंडीत भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती भरली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. पाच वर्षांनी झाड भरलं १६९ पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली तर जेमतेम २ औंस कमी. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये, हे छापलं गेलं. मी मुलांना एवढे आकडे देतो आणि पुस्तक बंद करायला लावतो. किलोत करून घ्या: रोप सव्वादोन किलोचं, झाड सुमारे ७७ किलोचं, माती कमी झाली ५७ ग्रॅम. मग हे चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर किलो आले कुठून?

बहुतेक मुलं ‘पाण्यातून’ म्हणतात. हेलमाँटही तेच म्हणाला. मला हा भाग फार आवडतो, कारण ‘गॅस’ हा शब्दच मुळी या गृहस्थाने दिला; कोळसा जळताना निघणारा वायू, म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड, त्याला चांगला ठाऊक होता. झाडाला पोसणारा वायू ओळखीचा, आणि नजर मात्र पाण्यावर. प्रयोग नेटका, मोजमाप चोख, निष्कर्ष अर्धवट. ‘चूक’ म्हणत नाही, कारण ओल्या झाडाच्या वजनात पाणी भरपूर असतंच, शिवाय पाण्यातला हायड्रोजन लाकडातही जातो. दर वर्षी एखादं मूल हे आपणहून म्हणतं, आणि त्या दिवशी मी घरी खुशीत जातो. ‘वैज्ञानिक पद्धती’वरचं वेगळं प्रकरण मी शिकवायचं सोडून दिलंय, एवढ्या कुंडीत ते सगळं येतं.

इथून पुढचे घटक आपोआप निघतात. हवा पानात शिरते, म्हणजे पान कशाचं बनलंय? पेशी. पेशीत काय शिरतं, काय नाही? पटल (पेशीचं पातळ आवरण), विसरण (दाटीकडून विरळाकडे पसरणं), परासरण (पटलातून पाण्याची ये-जा). बनवलेल्या साखरेचं पुढे काय होतं? श्वसन (पेशीत साखर जाळून ऊर्जा काढणं) आणि विकरं (अशा क्रिया घडवणारी एन्झाइम). हे पहिले चार मी याच क्रमाने घेतो. नंतरचे चार, म्हणजे रक्ताभिसरण, आनुवंशिकता, उत्क्रांती आणि परिसंस्था, मुलांना हवे तसे निवडू देतो. अट एकच, उत्क्रांतीच्या आधी आनुवंशिकता. वर्षाला आठ घटक पुष्कळ झाले.

एक घटक आतून कसा दिसतो ते पेशीवरून दाखवतो. वस्तू आधी, पुस्तक नंतर. कांद्याच्या जाड पापुद्र्याच्या आतल्या बाजूला पारदर्शक पातळ साल असते. तिचा नखाएवढा तुकडा स्लाइडवर पाण्याच्या थेंबात सुरकुती न पडू देता पसरायचा, आयोडीनचा एक थेंब, मग कव्हरस्लिप (वर झाकायची पातळ काच) एका कडेवर टेकवून तिरकी धरून हळूच सोडायची. वहीत एक वर्तुळ काढायचं आणि दिसेल ते त्यात काढायचं. नाव एकही लिहायचं नाही.

पहिल्या दिवशी निम्मी मुलं जाड काळ्या कडेचे गोल काढतात आणि पेशी सापडल्या म्हणून खूश होतात. ते हवेचे बुडबुडे असतात. मी सांगत नाही. कव्हरस्लिपवर काडीने हलकं दाबायला सांगतो. गोल सरकतात, आकार बदलतात, मागची विटांसारखी जाळी जागची हलत नाही. एकदा याच्या उलट झालं. एका मुलीने सुरेख चित्र काढलं: केंद्रक, तंतुकणिका, अंतर्द्रव्यजालिकासुद्धा. शंभरपट मोठं दाखवणाऱ्या मायक्रोस्कोपमधून, ज्यात यातली शेवटची दोन दिसूच शकत नाहीत! मी विचारलं, “यातलं तुला काय काय दिसलं?” ती म्हणाली, “दिसलं नाही, पण असतं ना, सर.” तेव्हापासून माझ्या वर्गात नियम आहे: दिसलं ते पेन्सिलीने, माहीत आहे ते निळ्या पेनने. वह्या चाळताना निळं जास्त आणि पेन्सिल कमी दिसली की मला कळतं, हे मूल पुस्तकात बघून काढतंय.

पुढची पायरी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली जमेल, कारण ती मोजण्याची आहे. सर्वांत कमी वर्धनाला पारदर्शक पट्टी भिंगाखाली ठेवायची आणि दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मोजायचा. समजा ४० पटीला तो ४.५ मिलिमीटर भरला. १०० पटीला तो त्याच प्रमाणात घटून १.८ होईल. त्या व्यासावर सहा पेशी लांबीने ओळीत बसल्या तर एक पेशी ०.३ मिलिमीटरची. मग सगळं हजारपट मोठं करून कागदावर काढायला लावा. कांद्याची पेशी ३० सेंटिमीटर, म्हणजे कागदाच्या पानाची उंची. गालाच्या आतल्या अस्तरातली पेशी साधारण ६ सेंटिमीटर. नेहमीचा जिवाणू १-२ मिलिमीटरचा ठिपका. ‘सूक्ष्म’ या एका शब्दाखाली मुलांनी सगळं एकत्र कोंबलेलं असतं. हा कागद भिंतीवर लागला की ते सुटं होतं. मायक्रोस्कोप नसेल तर मनु प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या गटाने २०१४ मध्ये मांडलेला कागदी फोल्डस्कोप नेहमीच्या भिंगाने सुमारे १४० पट मोठं दाखवतो. कांद्याला तेवढं भरपूर.

एवढं झाल्यावर पुस्तकातलं प्रकरण वाचायचं. आता ते वीस मिनिटांत संपतं, कारण मुलाकडे प्रश्न तयार असतात.

आणि मग उंबरठा. एकेकाशी सातआठ मिनिटं, तोंडी, बाकीचे आपापल्या कामात. पुस्तकी शब्द आला की मी म्हणतो, “आता तो शब्द न वापरता सांग.” पेशीच्या घटकाला माझा ठरलेला प्रश्न आहे: या खोलीतली कोणती वस्तू पेशींची आहे, कोणती एकेकाळी होती, आणि कोणती कधीच नव्हती? टेबलाचं लाकूड, सुती सदरा, वहीचा कागद, काच, आपण स्वतः. रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात पाहिलेले कप्पे रिकामे होते, मग त्याने पेशी पाहिल्या की पेशींची घरं? याचं उत्तर कुठल्याही प्रकरणाखाली छापलेलं नसतं, त्यामुळे एकमेकांचं बघून लिहिण्याचा प्रश्नच मिटतो.

रक्ताभिसरणाला मी दोन आकडे देतो: हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं, मिनिटाला साधारण ७० ठोके. गुणाकार केला की मिनिटाला जवळपास ५ लिटर, तासाला ३०० च्या आसपास. शरीरात एकूण रक्त ५ लिटर. तर मग? “नवीन बनत असेल आणि जुनं संपत असेल,” असं कोणीतरी म्हणतंच, आणि विल्यम हार्वेच्या आधी शतकानुशतकं वैद्य हेच मानत होते. हार्वेने १६२८ मध्ये अशाच हिशेबाने तो समज मोडला. आनुवंशिकतेला मेंडेलचा वाटाणा: दुसऱ्या पिढीत ७०५ झाडांना जांभळी फुलं आणि २२४ ना पांढरी. मेंडेलच्या नियमाने प्रमाण तीनास एक यायला हवं, मग हे बरोबर तीनास एक का नाही? मेंडेल चुकला का? आणि चारच बिया पेरल्या तर एक पांढरं यायलाच हवं का? दोन नाणी देऊन १०० वेळा उडवायला सांगा, दोन्हींवर काटा आला की पांढरं फूल. इथे तुमचा विषय माझ्या विषयात येऊन बसतो.

‘अजून नाही’ म्हणायची वेळ आली तर मुलाला ‘प्रकरण पुन्हा वाच’ सांगून पाठवू नका. वाचून जे सुटलं ते पुन्हा वाचूनही सुटतं. नेमकं एक काम द्या. श्वसनाच्या उंबरठ्यावर एका मुलाने मला ठासून सांगितलं की अंधारात रोप जास्त वाढतं. त्याच्याकडे पुरावा होता: घेवड्याच्या बिया त्याने उजेडात आणि कपाटात लावल्या होत्या, आणि कपाटातली रोपं दुप्पट उंच होती. फिकट, काडीसारखी, पण उंच. मी वाद घातला नाही. “दोन्हीकडची वीस-वीस रोपं मुळं धुऊन कडक वाळव आणि तोल. पेरायच्या आधी बियांचं वजन लिहिलंयस ना?” नशिबाने लिहिलं होतं. आठवड्याने तो वजनकाट्यापाशी उभा होता. अंधारातली वीस रोपं त्यांच्या बियांहूनही हलकी भरली होती. उंची वाढली आणि माल घटला. बीमधला साठा जाळून ती नुसती लांब झाली होती, उजेडाच्या शोधात. ‘श्वसन म्हणजे श्वास घेणे’ हा समज त्याच्या डोक्यातून तिथे गेला. एकच मूल तीनदा अडलं तर मात्र मी ते माझ्यावर घेतो: काम बदलायला हवं, किंवा माझा प्रश्नच वाकडा आहे.

त्या वीस रोपांवरून एक व्यावहारिक गोष्ट. आपापली गती मुलांना देता येते, बियांना नाही. घेवड्याला आठ-दहा दिवस लागणारच. साचलेल्या पाण्यात सुकं गवत घालून ठेवलेल्या बरणीत हलणारे एकपेशीय जीव दिसायलाही आठवडाभर जातो. मूल श्वसनाच्या घटकावर पोहोचल्यावर तुम्ही बिया भिजत घालायला सांगितल्या तर ते दहा दिवस रिकामं बसेल, आणि रिकामं बसलेलं मूल पुढचं प्रकरण उघडतं. म्हणून संथ गोष्टी सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात लावायच्या: बिया उजेडात आणि अंधारात, गवताची बरणी, आणि एखादी फांदी निवडून दर आठवड्याला तिच्या पानांची मोजणी. नोंद फक्त तारीख आणि आकडा, अर्थ नंतर लागेल. हा भाग सगळ्यांचा एकाच चालीने चालतो. गट म्हणून काहीतरी सामायिक राहावं, यालाही तो उपयोगी पडतो.

विसरण्याबद्दल. पाचव्यावरची तिघं पहिलं विसरली यात नवल नाही. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तो न बघता आठवून लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे. मी प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं यासाठीच ठेवतो: वह्या बंद, मागच्या कुठल्याही घटकातले दोन प्रश्न, कोऱ्या चिठ्ठीवर. गुण नाहीत. चिठ्ठी मुलाकडेच राहते. उंबरठ्यावर एक प्रश्न नेहमी आधीच्या घटकातला असतो, हेही मुलांना पहिल्यापासून माहीत असतं.

चालढकलीचं काय? ‘कधी संपवशील?’ असं विचारलं की मुलं तोंडभर तारखा देतात आणि पाळत नाहीत. मी संपवायची तारीख ठरवत नाही, भेटीची ठरवतो. दर दुसऱ्या आठवड्याला प्रत्येकाने माझ्यासमोर बसायचंच, घटक झालेला असो वा नसो. काहीच झालं नसेल तर का अडलं ते बोलायचं. निम्म्या वेळा कारण हास्यास्पद असतं: कव्हरस्लिप संपल्या होत्या, विचारायला संकोच वाटला.

पुढे धावणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. त्यांना पुढचं प्रकरण हे बक्षीस देऊ नका. त्याच घटकात एक फाटा द्या, ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नसेल. लाल कांद्याची साल मिठाच्या पाण्यात टाकली की पेशीतला रंगीत भाग आकसतो. किती टक्के मिठाला आकसायला लागतो? कच्च्या बटाट्याच्या फोडीवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो, उकडलेल्यावर येत नाही. मग नेमक्या किती तापमानाला येईनासा होतो? तीन आठवडे सहज जातात. वर त्यांना इतरांच्या उंबरठ्यावर तुमच्या शेजारी बसवा. दुसऱ्याचं उत्तर खरं की पाठ केलेलं, हे मुलं आपल्यापेक्षा लवकर ओळखतात.

व्हिडिओंबद्दल एवढंच की हलत्या गोष्टींसाठी ते उत्तम, पेशीविभाजन कागदावर कधीच नीट कळत नाही. पण वस्तू बघण्याआधी दाखवू नका, नाहीतर सगळं निळ्या पेनचं होतं. सुरक्षिततेचं: पेरॉक्साइड हाताळताना चश्मा, गालाच्या पेशी ज्याच्या त्याने आपल्याच घ्यायच्या आणि काडी लगेच टाकून द्यायची, रक्ताचे प्रयोग नाहीत, आणि हातावरचे किंवा नळावरचे जिवाणू बशीत वाढवायची हौस घरगुती साधनांवर करू नका. काय वाढेल ते आपल्या हातात नसतं.

जीवशास्त्र तुमचा विषय नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. माझी मोठी अडचण हीच होती की मला उत्तर येत होतं, आणि मूल अर्धं वाक्य बोललं की उरलेलं मी पुरं करायचो. तुम्ही खरोखर विचाराल, “म्हणजे काय?” उंबरठ्यावर यापेक्षा चांगला प्रश्न नाही.

थोडक्यात, पुस्तक राहू द्या, प्रकरणांचा क्रम मोडा, आठच घटक ठेवा, दर घटकाला आधी वस्तू मग वाचन, आणि पुढे सोडायचा निर्णय तुमचा, तोंडी. येत्या तासाला मात्र यातलं काहीच जाहीर करू नका. सगळ्या ११ जणांना, पाचव्यावरच्यांना आणि पहिल्यावरच्यांनाही, कुंडीचे ते चार आकडे फळ्यावर लिहून द्या आणि प्रत्येकाला एका चिठ्ठीवर लिहायला सांगा, वजन कुठून आलं. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचा. माझा अंदाज, तिघांच्या आणि चौघांच्या चिठ्ठ्यांत फारसा फरक नसेल. चिठ्ठ्या परत देऊ नका, जपून ठेवा. तीन महिन्यांनी त्याच मुलांना त्या वाचायला द्यायच्या आहेत.